चाकांवरचा फ्रिज

दिवाळीच्या अंकात फ्रिजचे गाऱ्हाणे घेऊन यावे हे काही फारसे शोभत नाही, हे मला कळते. तुमच्या पुढ्यात या वेळी चकल्यांची बशी असणार, आणि त्यांतली एखादी मऊ पडली म्हणून घरात चर्चाही चालली असणार. पण या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. प्रवासाहून परतलो की मला तिथली देवळे आणि डोंगर आठवत नाहीत. वाटेत कोणते यंत्र कुठे बिघडले ते तपशिलासह आठवते. ग्रँड कॅन्यन ही जगप्रसिद्ध दरी मी पाहिली. तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि माझ्यापेक्षा बरे लिहिले आहे. तिच्या वाटेवर नीडल्स नावाच्या गावी एका बंद फ्रिजपुढे आम्ही जी रात्र काढली, तिच्याविषयी मात्र मीच लिहिले पाहिजे.

२०१८ च्या जून महिन्यातली ही गोष्ट. आम्ही उभयता चिरंजीवांकडे सॅन डिएगोला गेलो होतो. चिरंजीवांनी नुकताच एक जुना ट्रेलर विकत घेतला होता. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर. आत दोन पलंग, ओटा, गॅसची शेगडी, हात धुवायला मोरी आणि ओट्याला लागून एक बेताचा फ्रिज. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथे शेपटाला बांधलेले. या घरातून बारा दिवस हिंडायचे, असा बेत ठरला. सूनबाई खूश, नात खूश. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्यातला फ्रिज चालतो ना रे?"

प्रश्न श्रीखंडासाठी नव्हता. तिला चौदा वर्षे मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. तीन महिन्यांच्या मुक्कामाला पुरतील एवढी पेने आम्ही मुंबईहून नेली होती. वापरात नसलेली पेने दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजेत. उघडलेले पेन साधारण चार आठवडे खोलीतल्या हवेत टिकते. पण ती हवा तिशीच्या आतली हवी. चाळिशीच्या उन्हात औषध नासते. गोठले तरी कामातून जाते. आणि त्यातली खरी भीती अशी की, नासलेले इन्सुलिन पुष्कळदा दिसायला जसेच्या तसे दिसते. दूध नासले तर नाकाला कळते; हे कळते ते रुग्णाची साखर वाढल्यावर. तिला लागणारी जात तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळणारी नव्हती.

"चालतो म्हणजे काय, आई! नव्यासारखा चालतो," चिरंजीव म्हणाले आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ट्रेलर दारात उभा करून फ्रिज सुरू केला. सकाळी आत थर्मामीटर ठेवून पाहिला. चौदा अंश!

चिरंजीव संगणकाच्या धंद्यातले. त्यांनी लगेच निदान केले, "थर्मोस्टॅट गेला असणार." मी काही न बोलता फ्रिजला कान लावला. आत घरघर नाही, थरथर नाही. एखादे कपाट असावे तसा तो गप्प होता. मागच्या बाजूची बाहेरची जाळी काढून पाहिली, आणि मला अडतीस वर्षांपूर्वीचा एक मित्र भेटल्यासारखे झाले.

१९८० साली मी सातपुड्याच्या कुशीतल्या एका आरोग्यकेंद्रावर वैद्यकीय अधिकारी होतो. गावात वीज आली होती, पण मुक्कामाला क्वचितच असे. लशी ठेवायला आम्हांला रॉकेलवर चालणारा फ्रिज दिला होता. खाली कंदिलासारखी टाकी, तीत वात, वात पेटवायची आणि वर गारवा! शहरातून आलेल्या माझ्यासारख्या नवशिक्याला तो निव्वळ चेटूक वाटे. त्याचे सगळे मर्म मला शिकवले ते केंद्रावरच्या शिपायाने. वात कशी कातरायची, ज्योत पिवळी झाली की काजळी कुठे धरते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे फ्रिज ओळंब्यात कसा उभा करायचा. त्यासाठी तो आत औषधाचा सपाट ट्रे ठेवी, त्यात बोटभर पाणी ओती आणि पाणी चारी कडांना सारखे लागेपर्यंत पायांखाली चिपा सारत बसे.

एकदा तो आठ दिवसांच्या रजेवर गेला. जमीन सारवून घ्यायची म्हणून कोणी तरी फ्रिज हलवला आणि तसाच कलता ठेवला. वात जळत होती, म्हणून मीही निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी दार उघडले तर आत बाहेरच्याइतकीच हवा. लस टाकून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार. चार-चार कोस डोंगर उतरून, कडेवर पोरे घेऊन बायका आल्या होत्या. त्यांना पुढच्या वेळी या म्हणून सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. म्हणून फ्रिजची पातळी म्हटली की मी जरा हट्टी होतो, आणि तो हट्ट पुढे नीडल्सला मला नडला.

आता हा फ्रिज चालतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. आपल्या घरातल्या फ्रिजमध्ये विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर असतो. या फ्रिजमध्ये फिरणारे, हलणारे काहीच नसते. मागे नळ्यांची एक जाळी, कायमची झाळून बंद केलेली. तिच्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. खालच्या एका नळीला आच द्यायची. मग ती गॅसची असो, रॉकेलची असो, नाही तर विजेच्या काडीची. आच लागली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन निघतो. आधण उकळताना बुडबुडे जसे पाणी वर उसळवतात, तसे त्याचे बुडबुडे बारीक नळीतून पाण्यालाही वर रेटतात. पंपाचे काम तेवढेच. वरच्या नळ्यांत बाहेरच्या वाऱ्याने अमोनिया निवतो आणि पातळ होऊन फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथे त्याला हायड्रोजनची संगत मिळते आणि त्या संगतीत तो कमी उष्णतेवरही पुन्हा उडू लागतो. उडताना आतली ऊब घेऊन जातो, अंगावरचा घाम वाळताना गार वाटते ना, तसेच. मग खाली पाणी त्याची वाट पाहत असते. पाण्याला अमोनियाची भारी ओढ. ते त्याला गिळून पुन्हा आचेकडे चालू लागते, हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो, आणि रहाटगाडगे सुरू राहते.

स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. साक्षात आइनस्टाइनलाही अशा बिनहलत्या फ्रिजचा नाद होता. लिओ झिलार्डबरोबर त्याने रचलेल्या अशा एका फ्रिजला अमेरिकेत १९३० साली पेटंट मिळाले. तो बाजारात कधी आला नाही, ही गोष्ट वेगळी. बुद्धिमान माणसांचेही फ्रिजपुढे चालतेच असे नाही, एवढा दिलासा मात्र मला त्यातून मिळतो.

तर या फ्रिजमधला सगळा कारभार उताराच्या जोरावर चालतो. नळ्यांना कारागिराने दिलेला उतार थोडाच असतो. फ्रिज कलता राहिला की तोच उलटतो, पातळ द्रव्य मध्येच तुंबते आणि आचेवरची नळी कोरडी तापू लागते. असे फार काळ चालले तर गंज धरू नये म्हणून पाण्यात घातलेल्या क्षाराचे खडे होतात, नळी कायमची बुजते आणि हजार डॉलरच्या वर फटका बसतो. ट्रेलर चालता असला की हिसक्यांनी पाणी हलत राहते, म्हणून वाटेत कल असला तरी बिघडत नाही. उभा राहिला की मात्र पातळी हवी. चिरंजीवांच्या फ्रिजबरोबरच्या पुस्तिकेत एका दिशेने तीन अंश आणि दुसऱ्या दिशेने सहा अंशांपर्यंत कल चालेल, असे छापलेले होते. आणि चिरंजीवांचे दार रस्त्याकडे चांगलेच उतरते!

मी सूनबाईंकडून एक सपाट ताटली मागून घेतली, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि तीत पाणी ओतले. पाणी एका कडेला जाऊन बसले. चिरंजीवांनी खिशातला टेलिफोन काढून त्यावरची पातळी पाहिली. तोही तेच म्हणाला, फक्त आकड्यांत. ट्रेलरच्या नाकाखाली फळ्या घातल्या, जॅक फिरवला. निघणे एक दिवसाने पुढे गेले, कारण असा फ्रिज नीट गार व्हायला रात्रच्या रात्र लागते. दुसऱ्या सकाळी थर्मामीटर चारवर. सौभाग्यवतींनी पेने डब्यात घालून आत ठेवली, शेजारी श्रीखंड ठेवले. भाजीचे गरम पातेले ठेवू लागली तेव्हा मी हात धरला. हा फ्रिज मोठा संथ. त्याला थंडच जिन्नस द्यावे, तो त्यांना सांभाळतो. ऊन पातेले दिले तर सगळी रात्र तो त्या पातेल्याशीच झगडत बसतो.

"अहो, तुम्हांला एवढं सगळं येतं, हे तीस वर्षांत घरी कधी दिसलं नाही," एवढेच ती म्हणाली.

वाटेत गॅसची टाकी बंद ठेवायची, असे चिरंजीवांनी ठरवले होते. पेट्रोल भरायला थांबावे आणि मागे फ्रिजची ज्योत जळत असावी, हे बरे नव्हे. दार उघडले नाही तर आतला गारवा काही तास टिकतो. बार्स्टोपर्यंत हवा सोसण्यासारखी होती. तिथून पुढे मोहावीचे वाळवंट. खिडकीची काच खाली केली की भट्टीचे दार उघडल्यासारखा वारा तोंडावर येई. संध्याकाळी कोलोरॅडो नदीच्या काठी नीडल्सला पोचलो तेव्हा पारा त्रेचाळीसवर होता. विजेची जोडणी असलेल्या सगळ्या जागा भरून गेलेल्या. आम्हांला मिळाली ती नुसती जमीन आणि एक खुरटे झाड. पण गॅसची टाकी भरलेली होती, ट्रेलरची बॅटरी होती, चिंता कसली?

चिरंजीवांनी गॅस सोडला, शेगडी पेटवून पाहिली. छान पेटली. दिवे लावले, लागले. फ्रिजचे बटण दाबले. काही नाही. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा मुळी उजळलाच नाही. आत तेव्हा अकरा अंश होते.

शेगडी पेटते, दिवे जळतात आणि फ्रिज मेलेला. आम्ही दोघे बापलेक त्याच्यापुढे उकिडवे बसलो. मी म्हटले, "याला वीज कशाला हवी? हा तर गॅसवर चालतो. काडी लाव." माझ्या डोळ्यांपुढे सातपुड्यातली वात होती. चिरंजीवांनी मला समजावले की, याला काडी लावायला जागाच नाही. गॅसची झडप उघडायची, ठिणगी पाडायची, ज्योत विझली तर झडप मिटायची, हे सगळे एक छोटी विजेची पाटी करते. तिने हुकूम दिल्याशिवाय गॅसचा थेंब पुढे सरकत नाही. जुन्या रॉकेलच्या फ्रिजला पोट होते. या नव्याला डोकेही बसवले आहे, आणि ते डोके बॅटरीच्या बारा व्होल्टांवर चालते. बाहेरची मोठी वीज जोडली तरी डोक्याला हे बारा व्होल्ट लागतातच. चिरंजीवांनी फ्यूज पाहिले. शाबूत होते.

शेजारच्या ट्रेलरपुढे एक वृद्ध गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून आमची मौज पाहत होते. जन्मभर मालमोटारी चालवून निवृत्त झालेले. ते उठले, आत गेले आणि व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आले. चिरंजीवांनी फ्रिजच्या मागे तारा जिथे येऊन मिळतात तिथे मीटर लावला. बारा पूर्णांक चार.

"वीज तर येते आहे!" चिरंजीव जवळजवळ ओरडले.

म्हातारबुवा म्हणाले, "बटण दाबून ठेव, आणि मग मोज."

सूनबाईंनी आतून बटण दाबले. आकडा घसरत सातावर आला. बटण सोडले, पुन्हा बारा. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मीटर पाहिले, पण एवढे चांगले निदान क्वचितच. आपल्याकडे चाळीत नळ बंद असताना जोर भरपूर वाटतो, आणि उघडला की करंगळीएवढी धार. नळी कुठे तरी गाळाने भरलेली असते. तसेच हे. काही काम नसताना व्होल्ट पुरते दिसतात. काम पडले की वाटेतल्या वाईट जोडात ते खर्ची पडतात. मोजायचे ते काम चालू असताना मोजावे. रुग्ण पडून असताना नाडी पाहण्यापेक्षा जिना चढवून पाहावी, असे आमचे एक प्राध्यापक म्हणत, त्याची मला आठवण झाली.

जोड सापडायला अर्धा तास लागला. बॅटरीकडे परत जाणारी तार ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला एका स्क्रूने आवळलेली होती. स्क्रू हिसक्यांनी सैल झालेला आणि खाली तांबड्या गंजाचा थर. बॅटरीची तार काढून ठेवली, सूनबाईंच्या नखे घासायच्या कानशीने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले आणि स्क्रू करकचून आवळला. बटण दाबले. हिरवा दिवा लागला. टक् टक् टक् ठिणगी पडली आणि मागे भुस्स आवाज करून निळी ज्योत उभी राहिली. नातीने टाळ्या पिटल्या. म्हातारबुवांना आम्ही श्रीखंड दिले. त्यांनी ते पावाला लावून खाल्ले. त्यावर मी काही बोललो नाही. मीटर त्यांचा होता.

खिचडी खाऊन आम्ही आडवे झालो. साडेबाराला मला जाग आली. ट्रेलरमध्ये अजून छत्तीस अंश. फ्रिज उघडून पाहिला आणि झोप उडाली. आत सतरा. आमच्या दुरुस्तीच्या धांदलीत दार चार वेळा उघडले होते, ते खरे. पण ज्योत पेटून चार तास झाले होते आणि आकडा उतरण्याऐवजी चढत होता.

इथे माझा हट्ट आडवा आला. मी चिरंजीवांना उठवले. "पातळी!" म्हटले. ताटली काढली, पाणी ओतले. पाणी बरोबर बसले होते. तरी मला पटेना. मी चाकाखाली एक फळी घालायला लावली, मग काढायला लावली, मग दुसऱ्या बाजूला घालायला लावली. चिरंजीव घामाने निथळत होते. शेवटी म्हणाले, "बाबा, आता पातळी पुरे. पाणी काय म्हणतंय ते तरी ऐका." आम्ही जरा मोठ्यानेच बोललो असू, कारण सूनबाईही उठल्या. त्यांनी पेने बर्फाच्या पेटीत टाकायचे सुचवले. मी नको म्हणून ओरडलो. पेटीत कोकाकोलाच्या बाटल्यांभोवती बर्फाचे खडे होते. पेन बर्फाला टेकून गोठले की सगळे मुसळ केरात.

या गोंधळात सौभाग्यवतींनी एक शब्द न बोलता पेनांचा स्टीलचा डबा काढला, त्याला माझा पंचा भिजवून गुंडाळला आणि वारा येत होता त्या खिडकीत टांगला. पंचा वाळू लागला की ओंजळभर पाणी मारी. पंधरा-वीस मिनिटांनी मी थर्मामीटर पंच्याच्या घडीत खुपसला. तेवीस! वाळवंटातली हवा इतकी कोरडी की, पाणी झपाट्याने उडते आणि गारवा देऊन जाते. आमच्या मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती निम्मीही चालली नसती. फ्रिजच्या आत अमोनिया जे करतो तेच तिने पंच्यावर करून दाखवले होते, आणि तिचा फ्रिज आमच्यापेक्षा आधी चालू झाला होता. पेनांपुरती रात्र सुटली. पण पुढे अकरा दिवस होते आणि परतीची वाटही याच भट्टीतून होती.

आता डोके थोडे निवले आणि मी सरळ विचार करू लागलो. ज्योत निळी. खालची नळी तापलेली. अमोनियाचा वास नाही, नळ्यांवर कुठे पिवळी भुकटी नाही. म्हणजे गळती नाही. ती असती तर फ्रिजची आशाच सोडायची. पातळी तर बरोबर. मग आच जाते आणि गारवा येत नाही, तो का? बाहेर टाकायची ऊब जर बाहेर जातच नसेल तर? ट्रेलरमध्ये फ्रिजच्या पाठीमागे धुरांड्यासारखी पोकळी असते. खालच्या जाळीतून हवा आत येते, नळ्यांची ऊब घेऊन छपरावरच्या झरोक्यातून निघून जाते. पंखा नाही, काही नाही. तापलेली हवा आपोआप वर चढते एवढेच.

"उदबत्ती आहे का गं?" मी विचारले.

"आहे. पण आता रात्री दोनला?"

गॅसच्या जोडांना आधी साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले, आणि मग उदबत्ती पेटवून खालच्या जाळीशी धरली. धूर सरळ आत ओढला जायला हवा. तो जाळीपाशी घुटमळला, जरासा आत गेल्यासारखा झाला आणि परत आमच्याच तोंडावर आला.

चिरंजीव टॉर्च तोंडात धरून शिडीने छपरावर चढले. झरोक्याचे टोपण काढले आणि वरून हसू ऐकू आले. आत घरटे होते. वाळक्या काड्या, पिसे, निळ्या प्लॅस्टिकची दोरी, कापूस. चांगले भरभक्कम बांधकाम. पिले केव्हाच उडून गेलेली. हिवाळाभर ट्रेलर जुन्या मालकाच्या अंगणात उभा होता, तेव्हा कोणा पाखराने ही उबदार जागा हेरली असावी. काड्यांची पिशवी भरली. मी पुन्हा उदबत्ती धरली. धुराची रेघ वाकली आणि दोरीने ओढल्यासारखी आत गेली.

सॅन डिएगोला हाच फ्रिज, हेच घरटे, आणि तरी चार अंश कसे झाले होते? तिथे समुद्राची गार हवा. झरोका अर्धा बुजला असला तरी तेवढे भागले. नीडल्सच्या हवेत मात्र फ्रिजचे बळ आधीच निम्मे झालेले, त्यात भर म्हणून जाळीची बाजू पश्चिमेला, सगळी दुपार तापलेली. घरी पातळी केली आणि गुण आला, म्हणून मी दुसऱ्या दुखण्यालाही तेच औषध घोटीत बसलो होतो. वैद्यकीत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने असे करावे! चिरंजीवांनी हे बोलून दाखवले नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

सकाळी सातला आत सात अंश, निघेपर्यंत सहा. म्हातारबुवा कॉफीचा पेला घेऊन आले. घरटे पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी आपल्या झरोक्यात बॅटरीवरचा छोटा पंखाच बसवलेला होता. बोलता बोलता त्यांनी एक जुनी युक्ती सांगितली. असा फ्रिज अगदी हट्टाला पेटला तर त्याला काढून दिवसभर उलटा उभा करायचा. तुंबलेले द्रव्य सुटते आणि कधी कधी तो पुन्हा चालू लागतो. मी थक्क झालो. आमच्या केंद्रावरच्या शिपायाने हेच केले होते, याच क्रमाने, आणि फ्रिज पुढे दोन वर्षे चालला होता. मी त्यांना तसे सांगितले. रॉकेलच्या वातीवर फ्रिज ही कल्पना त्यांना फार आवडली. त्यांनी वातीची रुंदीसुद्धा विचारून घेतली.

पुढचे थोडक्यात सांगतो. किंगमन, विल्यम्स करत आम्ही सात हजार फूट उंचीवर दरीच्या दक्षिण काठी पोचलो. तिथल्या माथर तळावर विजेची जोडणी नसतेच, त्यामुळे सगळी भिस्त गॅसवर आणि बॅटरीवर. उंचीवर हवा विरळ. गॅसच्या ज्योतीला अडचण येऊ शकते म्हणून मी रोज दोनदा मागची जाळी उघडून तिचा रंग पाहत असे. एकदा टाकी बदलली तेव्हा ठिणगी पडूनही ज्योत येईना. पण या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. आधी शेगडी पेटवून नळीतली हवा काढून टाकली, मग फ्रिज एका ठिणगीत पेटला. रात्री दिवे बेतानेच लावले. दरी पाहिली. ती फार मोठी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी थर्मामीटर माझ्यापुढे धरला. दीड अंश.

"आता हा जास्तच गार करायला लागलाय," ती म्हणाली. "पेनं गोठवायची आहेत का?"

आतल्या पत्र्यांच्या पात्यांना एक चिमट्यासारखी कळ अडकवलेली असते. ती वर सरकवली की फ्रिज जास्त गार होतो, खाली ओढली की कमी. मी ती बोटभर खाली ओढली. तिने पेनांचा डबा मागच्या पत्र्यापासून काढून दाराच्या कप्प्यात ठेवला, आणि रिकाम्या जागी उरलेले श्रीखंड सरकवून दार लावून घेतले.